सदूचा दहावा

कावळा काही शिवेना. तास होत आला. नदीकाठच्या बाभळीवर चारपाच कावळे बसले होते, मान वाकडी करून खाली बघत होते, पण भाताच्या पिंडाजवळ एकही उतरत नव्हता.

काठावर दीडदोनशे माणूस जमलेलं. त्यातल्या साठेक जणांच्या अंगात सारखे पिवळे टी-शर्ट, छातीवर सदूचा फोटो. अकरा जणांनी तर डोकी भादरलेली. आणि गंमत बघा, ज्याचा हा दहावा, तो सदू मेलेलाच नव्हता. म्हणजे मेला होता, पण मोबाइलवरच्या मालिकेत. जानेफळच्याच चार हौशी माणसांनी काढलेली ही मालिका, आणि साऱ्या पंचक्रोशीला तिनं पार वेड लावलेलं. दहा दिवसांपूर्वीच्या भागात, घरी म्हातारी आई आणि एक बैल असलेल्या सदूला विहिरीत ढकललं गेलं, आणि त्याच संध्याकाळी सदूप्रेमी मंडळानं सुतक धरलं. भटजींनी यायला साफ नकार दिला, तर मंडळाचा अध्यक्ष राजकुमार यानं मोबाइलवर बघून बघून विधी स्वतःच उरकला. आता काय बोलणार?

सदूला ढकलणारा माणूस गर्दीच्या पुढच्या कडेला उभा होता. गजेंद्र त्याचं नाव. ढकललं ते मालिकेत, हे वेगळं सांगायला नको. पण हल्ली सांगावंच लागायचं. एरवी हा गावात पिठाची चक्की चालवणारा, पाय मोडलेल्या कुत्र्याला घरी आणून पट्टी बांधणारा माणूस. पण दहा दिवसांत त्याच्या चक्कीवर कुणी दाणा टाकला नव्हता. परवा छपराच्या टिनांवर दगड पडले. बायको, अनुपमा, पिशवी भरून बसली होती, माहेरी साखरखेर्ड्याला चला म्हणून मागे लागली होती. गजेंद्र घाबरला होता.

एक चांगुणाबाई तेवढी यायची. सत्तरीची म्हातारी. काल सकाळीच ती ज्वारीचा डबा चक्कीवर ठेवून गेली होती. वाटेत पिवळ्या टी-शर्टवाल्यांनी अडवलं, तर त्यांना म्हणाली होती की येड लागलं का रे तुमाले, थे नाटक हाय. त्या एका डब्यावर गजेंद्रनं कालपासून धीर धरला होता.

आज इथं यायचं दीपकनं ठरवलं. दीपक म्हणजे मालिकेतला सदू. आपण दोघं शेजारी उभे दिसलो की यांची डोकी ठिकाणावर येतील, असा त्याचा हिशेब. म्हणून गजेंद्रच्या खांद्यावर हात टाकून तो मुद्दाम पुढं उभा राहिला. कुणी त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. एकानं तर, दीपकभाऊ जरा बाजूले सरका, पिंडाजवळचा फोटो दिसत नाही, असं सांगून त्याला हटवलं.

राजकुमारनं पिंडासमोर हात जोडले आणि एकेक वचन द्यायला सुरुवात केली. कुणी गेल्यावर घरचे देतात ना, तसंच. तुझा बैल आम्ही सांभाळू. स्टँडवर तुझा पुतळा बसवू. दरसाल तुझी पुण्यतिथी करू. कावळे आपले बसल्या जागी. मग राजकुमार गर्दीकडं वळला.

"सदूचा जीव कशात अडकला असंन, सांगा बरं."

माना वळल्या. आधी एक, मग दहा, मग सगळ्या. सगळे गजेंद्रकडं बघत होते. पुढच्या ओळीतला एक टकलू खाली वाकला आणि त्यानं मुठीत मावेल असा गोटा उचलला. मी जिता हाव ना, हा इथं उभा हाव, असं दीपक दोनदा म्हणाला. मग त्यानं गजेंद्रच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

गजेंद्रला पळावंसं वाटलं. मागं नदी, पुढं माणसं. मग त्याला एकच सुचलं. तो पुढं झाला, ओल्या वाळूत गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. डोळ्यांत पाणी आणावं लागलं नाही, ते भीतीनं आपसूकच आलं.

"सदू, माफ कर मले. माह्याच हातानं झालं थे. तुह्या मायले मी संभाळीन, मरेपर्यंत."

पंख फडफडले. एक कावळा थेट पिंडावर उतरला, भातात चोच मारली आणि घास घेऊन उडाला. मागोमाग दुसरा आला.

साऱ्या काठानं सुटकेचा श्वास सोडला. टकलूच्या हातातला गोटा वाळूत पडला. गजेंद्रनं डोळे पुसले. सुटलो बुवा एकदाचा. त्याला हसू यायला लागलं, दीपककडं बघून त्यानं मान हलवली. पण दीपक मागं सरकत होता. घराकडं कुणी निघालं नव्हतं. गजेंद्रच्या भोवती हातभर, दोन हात, मग चांगली दहा हात जागा मोकळी झाली.

त्या मोकळ्या जागेत चांगुणाबाई आली. जवळ नाही आली, अर्ध्यात थांबली. पिंडाकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"माह्या ज्वारीचा डबा तसाच वापस देजो गजेंद्रा, दळू नोको," ती म्हणाली. "आतापर्यंत मले वाटे, थे नाटकच हाय."