देवापुढची हजेरी

"आज प्रार्थनेत कुणाचंही नाव घ्यायचं नाही, सांगून ठेवते," नवऱ्याच्या गळ्यात पाद्र्याची पांढरी पट्टी बांधता बांधता जेनेटने बजावलं. "देवाला सगळ्यांची नावं ठाऊक आहेत. तुम्ही हजेरी घ्यायची गरज नाही."

रेव्हरंड गिलक्रिस्टांनी गळ्याशी बोट घातलं. पट्टी जरा जास्तच आवळली गेली होती.

बाईचं खोटं नव्हतं. अमेरिकेतलं ओहायोचं राज्य तेव्हा नवं होतं, शिकलेली माणसं थोडी, म्हणून एकेकाला तीन तीन कामं. गिलक्रिस्टमास्तर रविवारी प्रेस्बिटेरियन पंथाच्या देवळात प्रवचन करत, एरवी शाळा चालवत आणि विधिमंडळ भरलं की रोज सकाळी तिथली प्रार्थना म्हणत. शाळा सध्या जेनेटच्या स्वयंपाकघरात भरत होती. जुन्या शाळेचं छप्पर मागच्या हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने खाली आलं. तेव्हापासून पोरं चुलीभोवती बसून लॅटिन घोकत, आणि मक्याची भाकरी तव्यावरून परस्पर नाहीशी होई. शाळेला सरकारी जमीन द्यायची की नाही, यावर आज मतदान होतं. नाही मिळाली तर पुन्हा बर्फ पडायच्या आत शाळा बंद करायची, असं दोघांनी ठरवलं होतं. हे ठरवताना मास्तर एका शब्दाने भांडले नाहीत, आणि त्यावरूनच जेनेटने ओळखलं, की त्यांना ते किती लागलंय.

अडचण होती ती मास्तरांच्या तोंडाची. अर्ध्या सभागृहाने लहानपणी त्यांची छडी खाल्लेली. आता छडी चालेना, म्हणून मास्तर थेट वरती तक्रार करत. त्यांच्या पंथात छापील प्रार्थना वाचत नाहीत, मनात येईल ते बोलतात, आणि मास्तरांच्या मनात पुष्कळ असे. "हे स्वर्गीय बापा, शेजाऱ्याच्या शेतात कुंपण सरकवणाऱ्या सायलस पोर्टरला रात्री झोप लागू देऊ नकोस." सभागृह उभं, डोळे मिटलेले. हरकत घ्यायची कुणी? देवाशी चाललेल्या बोलण्यात अध्यक्षांनाही हातोडा आपटता येत नसे.

सगळ्यांत जास्त वेळा नाव निघे ते गिरणीवाल्या एनॉस वायलीचं. बायको गेल्यापासून एनॉस प्यायला लागला होता. "बापा, एनॉसला आवर. गुत्त्याकडे वळली की त्याची घोडी लंगडू दे. पण फार नको, घोडी गुणी आहे." गॅलरीत खसखस पिके. एनॉसचे कान लाल होत. आणि नेमकं त्याच एनॉसच्या मतावर आज सगळं अडलं होतं. बाकीचे आमदार निम्मे इकडे, निम्मे तिकडे, हे चिलिकॉथी या राजधानीच्या गावात कुत्र्यामांजरांनाही माहीत होतं.

त्या सकाळी मास्तर प्रार्थनेला उभे राहिले. सभागृह उभं राहिलं. सायलस पोर्टरने सवयीने मान खाली घातली.

"हे स्वर्गीय बापा," मास्तर म्हणाले, "या सभेला सुबुद्धी दे. पिकांना पाऊस दे. सगळ्यांचं कल्याण कर. आमेन."

कुणी डोळेच उघडेना. प्रार्थना एवढ्यात संपली, यावर कुणाचा विश्वास बसेना. मग खुर्च्या सरकल्या, आणि एकजण म्हणाला, "मास्तर आजारी दिसतात."

मतदान नावं पुकारून झालं. बरोबरी होत होत शेवटचं नाव आलं, एनॉस वायली. प्रार्थनेनंतर वर गॅलरीत जाऊन बसलेल्या मास्तरांनी कठडा घट्ट धरला.

"विरोधात," एनॉस म्हणाला.

जमीन गेली. शाळाही गेली. मास्तर टोपी हातात घेऊन जिना उतरले. जेनेटला काय सांगायचं, हे त्यांना सुचत नव्हतं. खाली दाराशी एनॉस उभा होता.

"एनॉस," मास्तर म्हणाले, "आज तर मी तुला काहीच बोललो नव्हतो रे."

"तेच तर, मास्तर." एनॉसचे कान आज लाल नव्हते. चेहरा मात्र उतरला होता. "हॅना गेल्यापासून रोज सकाळी माझं नाव घेणारं या राज्यात एकच माणूस होतं. लोक हसायचे, हसू देत. आज डोळे मिटून उभा राहिलो आणि वाट बघत बसलो. आता येईल, आता येईल. आलं ते आमेन! वाटलं, मास्तरांनी माझी आशा सोडली. तेवढ्यात शेजारचा पोर्टर कानाशी लागला. म्हणाला, 'आशा कसली सोडतात, तुझ्या मताला भ्यालेत.' तुम्हीच सांगा, एका मतासाठी देवापुढे गप्प बसतो तो मास्तर पोरांना काय शिकवणार?"

 मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पापं घडाघडा म्हणून दाखवली होती, पण स्वतःचं एक सांगताना जीभ रेटेना. "चुकलं माझं," ते शेवटी म्हणाले.

एनॉसने जरा वेळ त्यांना तसंच उभं ठेवलं. शाळेत त्याला पुष्कळ वेळा तसं उभं राहावं लागलं होतं.

"नियम असा आहे," मग तो म्हणाला, "की जिंकलेल्या बाजूचा माणूसच फेरविचार मागू शकतो. उद्या मी मागतो."

"आणि मत?"

"ते प्रार्थना ऐकून ठरवीन." एनॉसने घोडीचा लगाम सोडला आणि रिकिबीत पाय घातला. "कालही मी प्यायलो होतो, मास्तर. उद्या सांगा देवाला."