चार कोटी फेरे

अकराव्या दिवशीही सळई तुटली नव्हती. मशीन तिला मिनिटाला अठ्ठावीसशे वेळा फिरवत होतं आणि टोकाला टांगलेलं वजन तिला प्रत्येक फेऱ्यात किंचित वाकवत होतं. आकडा चार कोटींच्या पुढे गेला होता.

जागृतीने मोबाइल पाहिला. दुपारचे दोन. जर्मनीतल्या संशोधनाच्या जागेसाठी गुप्ते सरांचं शिफारसपत्र आज पाचच्या आत ऑनलाइन जायला हवं होतं. बाकी सगळं तिने महिन्यापूर्वीच भरून ठेवलं होतं.

सर नाही म्हणाले नव्हते. "प्रयोग अर्धा टाकून जायचं नाही," एवढंच म्हणाले होते. "सळई तुटली की त्याच मिनिटाला पत्र पाठवतो." जागृतीने तेव्हा मान हलवली होती.

"ताई, आमी बैलाला पण इतकं नाय फिरवत," लॅबचे शिपाई चांगोमामा दारातून म्हणाले.

"एक कोटीला थांबवतात, मामा. तोवर तुटली नाही, तर त्या वजनाला ती कधीच तुटत नाही."

"सरांना म्हाईत नाय काय हे?"

"त्यांनीच शिकवलंय."

चांगोमामा आत आले. "परवा प्रिन्सिपल टेप घेऊन आलेले. खोली मोजून गेले. हितं कॉम्प्युटर मांडायचे म्हणं. तुमी गेलात तर सर एकटे काय करतील?"

जागृती उठली. या पोलादाचं मॉडेल तिने स्वतः कॉम्प्युटरवर बनवलं होतं. आधीच्या बाराही सळया त्याने सांगितलेल्या वेळेच्या आसपास तुटल्या होत्या. अजून एक वजनाची चकती टांगली, तर तुटायला साडेतीन लाख फेरे. म्हणजे दोन तास. चार वाजता.

तिने चकती टांगली आणि फेऱ्यांचा आकडा शून्यावर आणला.

"मी नाय काय बघितलं," म्हणत चांगोमामा चहा ठेवायला गेले.

चार वाजले. सळई फिरत होती. साडेचार वाजले. जागृतीने हिशेब पुन्हा केला. तो बरोबर होता.

पावणेपाचला तास संपवून सर आले. हाताला खडू लागलेला होता.

"सर, मी वजन वाढवलं," जागृती म्हणाली. "चारला तुटायला हवी होती."

ते रागावले नाहीत. चष्मा वर करून मशीनवर वाकले. "किती झाले?"

"चार लाख साठ हजार."

"हिशेब नव्या सळईचा केलास?"

"हो."

"ही नवी कुठे आहे?" सर मशीनवरून नजर न काढता म्हणाले. "चार कोटी फेरे काढलेत हिने हलक्या वजनावर. तेवढ्याने पोलाद आतून घट्ट होत जातं. मग वजन वाढवलं तरी तुटत नाही लवकर. पुस्तकात दोन ओळी आहेत यावर. मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं गं. हे तुझ्या मॉडेलमध्ये घाल. पेपर होईल. तुझं नाव पहिलं."

"सर, पाचला पोर्टल बंद होतंय."

"हो, हो. तुटू दे ना. तुटली की लगेच." त्यांनी स्टूल ओढलं. "मी आज खोपोलीची गाडी सोडतो."

चांगोमामांनी चहा आणून ठेवला. कुणी कप उचलला नाही. तिघंही सळईकडे बघत होते.

"आता किती?" सरांनी विचारलं.

मोबाइलवर पाच वाजले होते. जागृतीने वाकून आकडा वाचला.

"पाच लाख चार हजार," ती म्हणाली. आणि आपल्या आवाजातला आनंद तिला स्वतःलाच ऐकू आला.