धुराचा भाता

वणव्यानंतर आमच्या मधपेट्यांपैकी ओढ्याकाठची एकच शाबूत सापडली. बाकी धंद्याची राख झाली. पेट्या टेम्पोत भरायला मागे फिरलेला दादा आगीतून परत आलाच नाही. "त्या माश्यांचं नावही काढू नका, भाऊजी," असं बजावणारी वहिनी आज न सांगताच माझ्यामागोमाग आली. पेटी उघडण्याआधी माश्या शांत व्हाव्यात म्हणून धूर देतात. मी सवयीनं भाता पेटवला. धुराचा वास येताच ती पुढं झाली. तिनं भाता हिसकावून ओढ्यात भिरकावला. "पुरे झाला धूर! या माश्यांनी काय कमी गिळलाय?" तिनं उघड्या हातांनी झाकण उचललं. माश्या तुटून पडल्या, तरी ती आत बघतच राहिली. "यांचं अख्खं घर वाचलं, भाऊजी," म्हणत ती मटकन बसून रडू लागली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. "फार चावल्या मेल्या," म्हणाली. "हो," म्हणत मी तिच्या हातांतल्या नांग्या काढत राहिलो.