पुढचा वाढदिवस कोणाचा?

“इचार पोरी, बिनधास्त इचार!” दौलतसिंग बाजेवर मांडी ठोकून बसला आणि त्यानं घसा खाकरला. गेल्या तीन निवडणुका तो याच घडीची वाट पाहत होता. टीव्हीवर आकडे यायचे, इतके टक्के लोक अमक्या नेत्यावर खूश, तितके नाराज, आणि रिठदच्या चौकात दौलतसिंग दर वेळी कपाळावर हात मारायचा. “अरे, पन मले कोनं इचारलं?” आज विचारणारी स्वतः चालत त्याच्या ओट्यावर आली होती. देशावर कर्ज किती, कोणाच्या राज्यात किती वाढलं, कोणता नेता ते कमी करेल, सगळं त्याला तोंडपाठ होतं. “आपलं मत दिल्लीले चाललं,” असं तो, ती गावात आल्याचं सकाळी कळताच, चौकात चार जणांना सांगूनही आला होता.

विचारणारी म्हणजे उमेरा, रिसोडची. गळ्यात सर्वेक्षणवाल्यांचं ओळखपत्र, हातात फोन.

“आजोबा, घरात मतदार किती?”

“दोघंच. मी अन् हे हिरी. पोरगा-सून पुन्याले असतात.”

हिरीबाई उंबऱ्यात बसून मुगाच्या शेंगा सोलत होती.

“दोघांपैकी पुढचा वाढदिवस कोणाचा?” उमेरानं विचारलं. “ज्याचा आधी येतो, प्रश्न त्यालाच. दुसऱ्यानं जवळ थांबायचं नाही. नियमच आहे तसा.”

“माहा एक जून.”

“आणि आजींचा?”

“तिचाबी एक जून.”

यात नवल काहीच नव्हतं. शाळेत घालताना मास्तरांनी दौलतसिंगला एक जून लावून दिला, आणि आधार काढताना पोरानं आईलाही तोच लावला. अर्धं रिठद एक जूनला जन्मलेलं आहे. उमेराच्या फोनला मात्र हे पटेना. तो दोन्ही नावं धरून अडून बसला.

“कागदावरचा नको, खरा सांगा.”

“खरा कोनाले मालूम असते? लिव माहंच नाव!”

“माहा पोळ्याचा,” हिरीबाई म्हणाली. तिचे हात थांबले होते. “पोळ्याच्या सांजीले जलमली मी. बैलं तोरनाखाली हुभे होते, असं माय सांगे.”

पोळा आठ दिवसांवर आला होता. उमेरानं तारीख टाकली आणि फोननं हिरीबाईला निवडलं.

“अवं, तुले काय समजते कर्जातलं?” दौलतसिंग ओरडलाच. पण नियम म्हणजे नियम. बिचारा उठला आणि लिंबाखाली जाऊन बसला. तिथून ऐकू काही येत नव्हतं. हिरीबाईचे हात तेवढे दिसत होते, आणि ते भलतेच हलत होते.

“सरकारनं आणखी कर्ज काढावं का?” उमेरानं वाचलं. “हो, नाही, की सांगता येत नाही?”

“कायच्यासाठी काढून राह्यले, ते सांग ना आधी! बियान्यासाठी काढलं त हो. बारशाच्या पंगतीसाठी काढलं त नाही.”

उमेराचं बोट तिन्ही उत्तरांवरून फिरून आलं. बियाणं कुठंच नव्हतं. मग नेत्यांना दहापैकी गुण द्यायचे होते. “याले चार. लय बोलते बाप्पा. याले पाच दे, पन सांग त्याले, सुधर म्हना.” दहा मिनिटांचं काम पाऊण तास चाललं. उमेरा निघाली तेव्हा हिरीबाईचा चेहरा नुसता फुलला होता. तुम्हाला काय वाटतं, असं तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं, आणि तिला ते फार आवडलं होतं.

दौलतसिंग दोन दिवस चौकाकडे फिरकला नाही. पण त्याला खरं टोचत होतं ते वेगळंच. पंचेचाळीस वर्षं संसार केला आणि बायको जन्मली कधी, हे माहीत नाही! त्याला मनापासून लाज वाटली. पोळ्याला बैल मिरवून आल्यावर तो केनवडला गेला आणि केक घेऊन आला, वर ‘हिरीबाई’ लिहिलेला.

“इतक्या वर्सात सांगतलं काहून नाही वं?”

“तुमी इचारलं कई?” असं म्हणून हिरीबाईनं केक कापला. दोन तुकडे खाल्ले, तिसरा सकाळसाठी झाकून ठेवला.

जानेवारीत उमेरा दुसऱ्या फेरीला आली. निवडणूक जवळ आली होती, घर तेच, नियमही तेच. या वेळी दौलतसिंगचा हिशोब पक्का होता. जून आधी, पोळा मागून. त्यानं बाजेवर मांडी ठोकली, घसा खाकरला.

“पुढचा वाढदिवस कोणाचा?”

“माहा! एक जून. हिचा पोळ्याले असते, केक कापला ना आमी!”

हिरीबाई उंबऱ्यात तीळ निवडत होती. पाच महिन्यांपासून तिच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. त्या कर्जाच्या प्रश्नावर एक सांगायचं राहूनच गेलं होतं. तिनं सूप बाजूला सारलं.

“पोरी, आज तारीख काय हाय वं?”

“दहा जानेवारी, आजी.”

“मंग लिव,” हिरीबाई म्हणाली, “संक्रांतीचा.”