पलंगाचा कठडा

"कठडा सोडा, बाबा," लेक म्हणाली.

प्रवचनकारांनी सोडला नाही. डावं अंग अर्धांगवायूने गेलं होतं. उजव्या हाताने त्यांनी पलंगाचा लोखंडी कठडा गच्च धरला होता. लेक त्यांना खुर्चीकडे वळवत होती आणि तो हात त्यांना पलंगाकडे ओढत होता. या ओढाताणीत तिचा पाय सरकला आणि दोघंही फरशीवर आले. तिच्या कमरेत जोराची कळ गेली. ती तशीच बसून राहिली, रडलीसुद्धा नाही. रडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

नर्सने रीत नीट शिकवली होती. आजाऱ्याने हनुवटी उचलणाऱ्याच्या खांद्यावर टेकायची, हात छातीशी घ्यायचा, अंग सैल सोडायचं. मदत म्हणून काहीही करायचं नाही. आजारी मदत करायला गेला की दोघंही पडतात, असं ती बजावून गेली होती. प्रवचनकारांना हे काही केल्या पटेना. आपण एक हात लावला तर पोरीचा भार तेवढाच हलका होईल, अशी त्यांची समजूत. खरं तर ती समजूत नव्हतीच. ती भीती होती, पण उभ्या जन्मात त्यांनी स्वतःला भित्रा म्हणवून घेतलं नव्हतं.

आणि हेच गृहस्थ भरल्या सभागृहात सांगायचे, की लेकरू आईच्या कडेवर बसतं तसं देवाच्या कडेवर बसा. ही आपल्याला पाडेल का, असा प्रश्न लेकराला पडत नाही. लोक डोळे पुसत घरी जायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आता ते ब्रह्मज्ञानही सांगता येत नव्हतं. जीभ जड झाली होती आणि शब्द लाळेबरोबर ओठांच्या कोपऱ्यातून गळत होते.

शेजाऱ्यांनी येऊन त्यांना पलंगावर ठेवलं. संध्याकाळी लेक शिवणयंत्राशी बसून भावाशी फोनवर बोलत होती. दार लोटलेलं होतं, पण भिंत पातळ. वृद्धाश्रमात जागा झाली होती. उद्या दुपारी गाडी येणार होती. भाऊ तिकडून बरंच काही समजावत असावा. मग ती म्हणाली, की मी अंथरुणाला खिळले तर आम्हा दोघांना कोण उचलेल, ते सांग. नंतर यंत्र सुरू झालं. ती त्यांच्या कपड्यांवर त्यांचं नाव शिवत होती, तिकडे धुण्यात हरवू नयेत म्हणून.

प्रवचनकारांनी देवाला हाक मारली. फार मागितलं नाही. एवढा एक हात दणकट कर, म्हणाले, म्हणजे मीच मला सावरीन आणि या घरात मरेन. ते वाट पाहत राहिले. हात होता तसाच राहिला. कुठलीही हाक वाया जात नाही, असं त्यांनी किती जणांना छातीठोकपणे सांगितलं होतं. पोर गेलेल्या एका बाईलाही सांगितलं होतं. तिचा चेहरा आता त्यांच्या समोरून हलेना. पलीकडे कोणीच नाही, असं त्यांना वाटलं. आपण आयुष्यभर रिकाम्या खोलीशी बोलत आलो आणि लोकांनाही बोलायला लावलं. त्यांचा हुंदकासुद्धा अर्ध्याच तोंडातून बाहेर पडला.

सकाळी लेक कमरेला पट्टा बांधून आली. जाण्याआधी त्यांना अंघोळ घालायची होती, म्हणजे खुर्चीत बसवणं आलंच. तिने त्यांना उठवून कडेला बसवलं, काखेखालून हात घातले आणि कठडा सोडा म्हणायला तोंड उघडलं. पण हात कठड्यावर नव्हताच. पडू दे, प्रवचनकारांच्या मनात आलं. डोकं आपटलं तर मी सुटेन, पोरगीही सुटेल. त्यांनी डोळे मिटले. मान तिच्या खांद्यावर गळली. ते फरशीची वाट पाहू लागले.

फरशी आली नाही. कानाशी लेकीचा श्वास जड झाला, अंग एकदा अर्धवट फिरलं आणि पाठीला खुर्ची लागली. त्यांनी डोळे उघडले. लेक चकित होऊन उभी होती. तिने कमर चाचपून पाहिली, तर कळ नव्हती. खात्री करायला तिने त्यांना पुन्हा पलंगावर नेलं, पुन्हा खुर्चीत आणलं. तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी ते त्या घरात ऐकू आलं.

तिने गाडी नको म्हणून कळवायला फोन उचलला आणि नंबर लावता लावता थांबली. "आज ठेवलात ना विश्वास माझ्यावर?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. घर राहिलं असतं, पोरगीही सुखावली असती. विश्वासावर त्यांच्यापाशी सुंदर वाक्यांचा तोटा नव्हता. त्या वाक्यांची त्यांना लाज वाटली. खरं सांगितलं तर ती घाबरेल आणि गाडी येऊ देईल, हे त्यांना कळत होतं. तरीही त्यांनी मान आडवी हलवली.

"नाही गं," ते एकेक शब्द ओढत म्हणाले. "तुझ्यावर नाही. देवावरही नाही. मला पडायचं होतं."

लेकीने त्यांच्या ओठांचा कोपरा पुसला. फोन लावून गाडी नको म्हणून सांगितलं. मग त्यांच्यासमोर खाली बसली.

"मान टाकलीत तेव्हाच कळलं होतं मला, बाबा," ती म्हणाली. "म्हणून तर आज जास्त घट्ट धरलं."