चौथं गेट

सत्तरीपुढच्या बायकांच्या गटात एकच नाव होतं. यादीवरून बोट फिरवत क्लबचा डेरेक म्हणाला, "वैजयंती, आज घाई करायचं कारणच नाही. नुसतं उभ्यानं खाली आलं तरी मेडल नक्की."

वैजयंतीनं हेल्मेटचा पट्टा आवळला. फेब्रुवारीतला शनिवार होता. भुरभुर पाऊस पडत होता. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीबाहेरच्या या टेकडीवर बर्फ नसतोच. उतारावर प्लास्टिकच्या ब्रशांची चटई अंथरलेली आहे, आणि ती ओली असली की स्की चांगल्या पळतात. वैजयंती बहात्तर वर्षांची होती. हिवाळाभर ती दहा किलो तांदळाची पिशवी पाठीला लावून घरातला जिना चढली-उतरली होती. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, खुर्चीशिवाय बसून राहिली होती. सुचेताला एकदा तरी हरवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सुचेता तिची मैत्रीण. तिच्याच वयाची, इथल्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली. अकरा वर्षांपूर्वी दोघी नातवंडांना स्कीइंगच्या क्लासला आणून सोडायच्या. बाकावर बसून बसून कंटाळल्या आणि स्वतःच शिकल्या. क्लबच्या फळ्यावर सत्तरीपुढच्या गटाचं रेकॉर्ड सुचेताच्या नावावर होतं, एकतीस पूर्णांक दोन सेकंद. वैजयंती दर वर्षी दुसरी यायची.

ऑक्टोबरात सुचेता बाथरूममध्ये पडली. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर ती उतारावर आलीच नाही. तिच्या मुलानं, साकेतनं, तिचा पलंग खालच्या खोलीत आणला. वैजयंतीनं फोन केला की ती म्हणायची, "बास झालं गं आता." ही घाबरली, असं वैजयंतीनं गृहीत धरलं. दोनतीनदा आग्रह केला आणि मग सोडून दिला.

आज मात्र सुचेता आली होती. उताराच्या पायथ्याशी, कुंपणाला लागून, घडीच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर ब्लँकेट. शेजारी साकेत छत्री धरून उभा.

पहिल्या फेरीत वैजयंती सावकाश उतरली. लाल-निळ्या खांबांना, म्हणजे गेटांना, लांबून वळसे घातले. अडतीस सेकंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुचेतानंही वाजवल्या, हातमोजे घातलेल्या हातांनी, हलक्याच.

अकरा वर्षांत सुचेतानं तिच्यासाठी कधी टाळी वाजवली नव्हती. तिनं चुका सांगितल्या होत्या. बाहेरच्या पायावर वजन नाही, नजर खाली, तिसऱ्या वळणाला झोपलीस. वैजयंती वर नेणाऱ्या लिफ्टकडे वळली.

दुसऱ्या फेरीत ती सावकाश उतरली नाही. चौथ्या गेटला उतार एकदम तीव्र होतो, तिथे ती नेहमी वेग कमी करायची. आज केला नाही. खांब तिच्या पोटरीला घासून गेला. ती खाली पोचली.

तीस पूर्णांक नऊ.

डेरेकनं खडू हातात घेतला, तोवर कुंपणापाशी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. सुचेता उभी राहिली होती.

"ऑब्जेक्शन," ती म्हणाली. "चौथ्या गेटला तिचा डावा पाय आतून गेला."

दोन्ही पाय खांबाच्या बाहेरूनच जावे लागतात. नाहीतर ती फेरी बाद. आणि सुचेता अजून क्लबची मेंबर होती, तिला हरकत घेता येत होती.

"आई, सोड ना," साकेत म्हणाला. "बस तू."

"सोडू कसं? माझं रेकॉर्ड आहे. वर जाऊन दाखवते मी डेरेकला, पाय कुठून गेला ते."

"मी जातो."

"तू पाहिलंस का?"

साकेतनं पाहिलं नव्हतं. तो फोनवर होता.

उताराच्या कडेनं लाकडी पायऱ्या आहेत. डेरेक पुढे गेला. सुचेता कठडा धरून मागून चढू लागली. दोनदा थांबली. साकेत हात पसरून मागे येत होता. निम्म्यावर तिनं त्याला परत पाठवलं. "छत्री घेऊन असा पाठीशी राहू नकोस. त्यानंच पडेन मी." तो खाली गेला आणि मान वर करून उभा राहिला.

वैजयंतीनं स्की काढल्या आणि बूट आपटत ती त्यांच्या मागोमाग चढली. चौथ्या गेटपाशी डेरेक चटईवर वाकून बघत होता. ओल्या ब्रशांवर काही खूण दिसत नव्हती. त्यानं विचारलं, "वैजयंती, तुझं काय म्हणणं? सुटलं का गेट?"

दोन्ही पाय बाहेरून गेले होते. वैजयंतीला पक्कं माहीत होतं. तिनं सुचेताकडे पाहिलं. सुचेताला धाप लागली होती, गाल लाल झाले होते, चष्म्यावर पाण्याचे थेंब होते. ती खांब धरून, पाय रोवून उभी होती.

"हो," वैजयंती म्हणाली. "सुटलं माझं."

डेरेकनं वहीत काट मारली आणि तो खाली निघून गेला.

"खोटारडी," सुचेता मराठीत म्हणाली. "दोन्ही पाय बाहेरून गेले. स्वच्छ दिसलं मला. रेकॉर्ड तुझं आहे, डेरेकला मी सांगेन नंतर."

"अगं, मग तक्रार कशाला केलीस?"

सुचेता उताराखाली बघत होती. तिला खाली जायची घाई दिसत नव्हती.

"चार महिने साकेतनं मला घरातला जिनासुद्धा चढू दिला नाही," ती म्हणाली. "दुसरं काय सांगून वर आले असते?"