एकवीस मिनिटं

तिसऱ्या किलोमीटरलाच मार्तंडला धाप लागली.

सायकल त्याची नव्हती. त्याची स्वतःची बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची रेसिंग सायकल खोलीवर भिंतीला टेकून उभी होती. ही जयसिंगरावांची. जाड खाचांचे टायर, सरळ हँडल, वर पितळी घंटी. सत्त्याऐंशीच्या दिवाळीत इंदूरच्या दुकानदारानं ‘पहाडी सायकल’ म्हणून त्यांच्या गळ्यात मारलेली. देवासहून उज्जैनला जाणारा रस्ता तळहातासारखा सपाट, तिथं पहाड कुठून आणायचा? पण जयसिंगराव म्हणायचे, "पाठीला सोसते, भिया. आपल्याला अजून काय पाहिजे?"

दर रविवारी सकाळी सहाला दोघं बरोबर निघायचे आणि पहिल्या वळणानंतर बरोबर नसायचे. सोळाव्या किलोमीटरच्या दगडाशी कैलासची चहाची टपरी होती. मार्तंड तिथं चव्वेचाळीस मिनिटांत पोचायचा, जयसिंगराव एक तास पाच मिनिटांत. मधली एकवीस मिनिटं मार्तंड बाकावर बसून घड्याळ बघत काढायचा. कारखान्यात त्याची नोकरीच ती, घड्याळ घेऊन कामगारांचा वेग मोजायची. ती खोड रविवारीही सुटत नव्हती. खिशातल्या वहीत तो दोघांचे आकडे मांडायचा. स्वतःचा ताशी एकवीस पूर्णांक आठ, जयसिंगरावांचा चौदा पूर्णांक आठ.

"तुमच्या नादानं माझा रविवार नासतो," तो म्हणायचा. जयसिंगराव हसून रुमालानं मान पुसायचे.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी तो थांबलाच नाही. घाईघाईनं चहा घशाखाली घातला आणि मागं फिरला. चौदाव्या किलोमीटरजवळ समोरून जयसिंगराव येताना दिसले. त्यांनी दुरूनच घंटी वाजवली, ब्रेक दाबत एक पाय खाली टेकवला. मार्तंडनं नुसता हात वर केला आणि तसाच पुढं निघून गेला.

त्या बुधवारी जयसिंगराव झोपेतच गेले.

काल सुमंगलावहिनींनी सायकल अंगणातून ढकलत आणून त्याच्या हाती दिली. म्हणाल्या, "भावजी, ही घेऊन जा. दारात उभी दिसली की वाटतं, हे आत आहेत."

रात्रभर मार्तंडच्या डोक्यात एकच गोष्ट होती. या सायकलवरून आपण पन्नास मिनिटांत टपरी गाठायची. गाठली, तर दोष सायकलचा नव्हता, माणूसच रेंगाळत होता. मग त्या दिवशी आपण थांबलो नाही, यात फार काही चुकलं नाही. एवढं एकदा वहीत लिहिलं की झोप लागेल, असं त्याला वाटत होतं.

सहाव्या किलोमीटरपर्यंत तो जिवाच्या आकांतानं पायडल मारत राहिला. टायर डांबराला चिकटल्यासारखे घरघरत होते. दोन्हीकडं सोयाबीन कापून मोकळी झालेली काळी शेतं, आणि तोंडावर वारा. त्याच्या सायकलवर तो हँडलवर वाकून वाऱ्याखालून निसटायचा. इथं छाती काढून ताठ बसायचं आणि सगळा वारा अंगावर घ्यायचा. दहाव्या किलोमीटरला पन्नास मिनिटं झाली. त्यानं घड्याळ बघणं सोडून दिलं. मागं देवासची चामुंडेची टेकडी धूसर होत चालली होती, पुढं रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्याला फार एकटं वाटलं. इतकी वर्षं या रस्त्यावर तो एकटाच पुढं असायचा, पण असं कधी वाटलं नव्हतं.

कारखान्यात जुन्या लेथवर बसवलेल्या माणसाचा वेग मांडताना आधी यंत्राची सूट द्यायची, मग माणसाला बोलायचं, हा नियम तो नव्या पोरांकडून घोकून घ्यायचा. जयसिंगरावांना ती सूट त्यानं एकदाही दिली नव्हती.

टपरी दिसली तेव्हा एक तास अठरा मिनिटं झाली होती. म्हणजे ताशी बारा पूर्णांक तीन. बावन्न वर्षांचे, पाठदुखीचे जयसिंगराव याच सायकलवरून त्याच्यापेक्षा तेरा मिनिटं आधी पोचत होते.

अंगठा आपोआप घंटीवर गेला. ती वाजताच कैलासनं गल्ल्यामागून मान वर काढली, आणि मग मार्तंडला बघून हळूच खाली घातली.

"जयसिंगदादा की है ना ये?" चहाचा ग्लास पुढं करत तो म्हणाला.

"हो."

"भोत बार बोला उनको, दादा, पतली वाली ले लो, साथ-साथ पहुँचोगे. बोलते थे, नी रे, ऐसे ही ठीक है. पहुँचता हूँ तो कोई बैठा मिलता है."

मार्तंडनं ग्लास हातात धरून ठेवला. त्यानं विचारलं, "और उस इतवार को?"

"उस दिन बैठे नी," कैलास म्हणाला. "खड़े-खड़े पी, और निकल गए."

मार्तंडच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. समोर बाक रिकामा होता.

त्यानं चहा उभ्याउभ्याच प्यायला.